दोन हजार रुपयांचा धडा

२०२१ साली दिल्ली सरकारने आपल्या शाळांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी दोन हजार रुपये दिले आणि सांगितलं, गट करा, काहीतरी बनवा, विका. त्याआधी पूर्व दिल्लीत खिचडीपूरच्या शाळेत हाच प्रयोग हजार रुपयांवर करून पाहिला होता. उपक्रमाचं नाव होतं ‘बिझनेस ब्लास्टर्स’. पहिल्याच वर्षी सुमारे तीन लाख मुलं त्यात उतरली, त्यांचे ५१ हजारांच्या आसपास गट झाले आणि बीजभांडवलासाठी सरकारने ६० कोटी रुपयांची तरतूद केली. मार्च २०२२मध्ये त्यागराज स्टेडियमवर निवडक १२६ गटांनी आपला माल गुंतवणूकदारांपुढे मांडला.

स्टेडियमवरचे फोटो सगळीकडे छापून आले. मला मात्र या उपक्रमातला मोलाचा क्षण त्याच्या कितीतरी आधीचा वाटतो. पाच मुली वही उघडून हिशेबाला बसतात, तो क्षण.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, पाच मैत्रिणींनी दिवाळीसाठी सुगंधी मेणबत्त्या करायच्या ठरवल्या. सदर बाजारातून ग्लास आणले, तिलक बाजारातून मेण आणि सुगंध. ग्लास १८ रुपयांना, मेण-वात-सुगंध मिळून २२, खोका आणि लेबल ५. एक मेणबत्ती ४५ रुपयांना पडली. विकायची ६०ला. म्हणजे नगामागे १५ रुपये नफा, शंभर नगांवर दीड हजार. वहीत आकडा झोकात बसतो.

मग प्रत्यक्ष विक्री होते. गरम मेण ओतताना काही ग्लास तडकतात, काही वाटेत फुटतात, असे बारा नग गेले. मेट्रो आणि ई-रिक्षाला ४०० रुपये लागले, ते कोणी धरलेच नव्हते. ८८ मेणबत्त्यांचे आले ५,२८०. खर्च झाला ४,९००. उरले ३८०. प्रत्येकीच्या वाट्याला ७६ रुपये, आणि तेही आठ संध्याकाळी राबून. आपल्या श्रमाची किंमत आपण कुठेच लावली नाही, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात येतं. घट, वाहतूक, मजुरी हे वाणिज्य शाखेच्या पुस्तकातले शब्द असतात. इथे ते खिशातून जातात. एवढं झालं की पुढच्या खेपेला त्या आधी ग्लासाची जाडी तपासतील, मग भाव विचारतील.

शाळेतल्या कामाच्या अनुभवाची कसोटी याच हिशेबात सापडते. पैसा खरा हवा, गिऱ्हाईक अनोळखी हवं, आणि झालेल्या चुकांवर बोलायला वेळापत्रकात तास हवा. दिल्लीत तो तास होता. २०१९पासून नववी ते बारावीला उद्योजकतेचा स्वतंत्र अभ्यासक्रम लागू झाला होता, बीजभांडवल हा त्याचाच पुढचा टप्पा. तासाशिवाय नुसते पैसे वाटले असते, तर त्याची जत्रा झाली असती.

ही कल्पना दिल्लीला नवी नाही, आणि तिची एक वाट आपल्या विदर्भातून जाते. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण हा विषय. त्याचा आराखडा करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले. त्यांच्या जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मधोली या शिक्षकाने मुलांना दुकान आणि बँक चालवायला दिली होती. मुलांनी माल आणायचा, विकायचा, वही लिहायची.

यानंतरचा दुवा तर थेट कोल्हापूरचा. १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात ‘कार्यानुभव’ हवा अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. प्रत्येक मुलाने शाळेत, शेतात किंवा कारखान्यात उत्पादक काम करावं, हा त्या शिफारशीचा गाभा. महाराष्ट्रात कार्यानुभव हा विषय झाला खरा. पण आपल्यापैकी अनेकांना त्या तासाचं काय आठवतं? क्रेप कागदाची फुलं, आदल्या रात्री आईने पूर्ण केलेलं तोरण, आणि परीक्षा जवळ आली की गणिताला दिलेला तास. त्या वस्तू कोणी विकत घेतल्या नाहीत, म्हणून त्या चांगल्या झाल्या की वाईट, हे आपल्याला कधी कळलंच नाही.

हे टाळता येतं, याचा पुरावा पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस कामाला देतात: वेल्डिंग-सुतारकाम, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया. मुलं गावाची कामं करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. गेट नीट बसलं नाही तर गावकरी सांगतोच. मोजमापाची चूक त्या मुलाला पुन्हा समजवावी लागत नाही.

पालक इथे एक रास्त शंका काढतात. हे मुलांना कामाला जुंपणं नाही का? कायद्याने रेघ आखून दिली आहे. १९८६च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलांना नोकरीवर ठेवता येत नाही (घरच्या कामात शाळा सांभाळून मदतीची मर्यादित सूट आहे) आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत. या रेघेच्या आत राहणारी वाटही आहे: २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन शिकायचं. शिकणं कोणाच्या फायद्यासाठी चाललं आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला की रेघ दिसते. मूल रोज तेच एक काम करत असेल आणि त्याला नवं काही कळत नसेल, तर ती मजुरीच.

शाळेतल्या क्लबांनाही हीच कसोटी लागते. मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहाव्यात म्हणून असलेल्या केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या. थ्रीडी प्रिंटर कुलपात राहिला तर त्या २० लाखांचा उपयोग शून्य. याउलट, शेजारच्या गल्लीतल्या आजींना खरोखर उपयोगी पडेल अशी वस्तू मुलांनी केली, तर साध्या पक्कड-पान्यावरही क्लब चालतो.

दिल्लीत २०२५ साली सरकार बदललं. ‘बिझनेस ब्लास्टर्स’च्या जागी ‘नीव’ नावाचा नवा कार्यक्रम आला. नाव कोणतंही असो, माझी काळजी वेगळी आहे. गट कसे करावेत, भांडण कसं मिटवावं, तोट्यात गेलेल्या मुलांना धीर कसा द्यावा, हे दिल्लीच्या शिक्षकांनी काही वर्षं खपून शिकून घेतलं आहे. ते ज्ञान कोणत्याही फाइलमध्ये नसतं, त्या शिक्षकांतच असतं. कार्यक्रम बदलला की ते पुसलं जाऊ नये, ही जबाबदारी दोन्ही सरकारांची.

आपल्या गावातल्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी एकच विनंती आहे. ६० कोटींची वाट पाहू नका. नववीच्या पाच मुलांना मिळून एक हजार रुपये द्या, एक महिना द्या, आणि आठवड्यातला एक तास त्यांच्या वहीसाठी राखून ठेवा. महिन्याच्या शेवटी किती नफा झाला, हे विचारू नका. कुठे चुकलं, हे विचारा आणि शांतपणे ऐकून घ्या.