डेलियाचं कोकणी पंचांग

"ह्या झाड हयसर जगाचा नाय." पिंगुळी-कुडाळकडे डेलियाचा विषय निघाला की कोणीतरी हे म्हणणारच. पिंगुळी ओळखली जाते ती चित्रकथीसाठी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी. फुलं बघायला इथे मुद्दाम कोणी येत नाही. तरी अबोली-शेवंतीच्या ओळीत एखादा डेलिया असावा, ही हौस बऱ्याच खळ्यांत दिसते आणि बहुधा पहिल्याच वर्षी संपते. मग दोष हवेला. माझ्या मते हवेचा दोष अर्धाच आहे. उरलेला अर्धा आहे तो दुसऱ्यांच्या हवेसाठी लिहिलेल्या सल्ल्यांचा.

डेलिया मुळात मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. तिथून 1789 मध्ये तो माद्रिदच्या राजोद्यानात पोचला, 1791 मध्ये आन्द्रेआस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचं बारसं झालं, आणि पुढे युरोपातल्या माळ्यांनी त्याचं शास्त्र रचलं. त्यांचा शत्रू हिमतुषार. म्हणून वसंतात लावा, उन्हाळाभर फुलं घ्या, थंडी पडली की कंद उकरा, असा त्यांचा क्रम. हाच क्रम व्हिडिओत पाहून कोणी पिंगुळीत एप्रिल-मे महिन्यात कंद लावला, तर झाड जेमतेम हातभर होतं तोवर मृग कोसळतो. सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात डेलियाच्या कंदाची गत काय होणार!

आपलं पंचांग उलटं. पाऊस ओसरल्यावर, दसरा ते दिवाळी या काळात लावणी. दशावताराच्या जत्रा रंगात येतात तेव्हा कळ्या, आणि फेब्रुवारी अखेरपर्यंत फुलं. रात्री अंगावर चादर ओढावीशी वाटते, तेवढे दिवस डेलियाचे. परातीएवढ्या फुलांचा हट्ट मात्र इथे धरू नये. दुपारच्या उन्हात ती पाकळ्या टाकतात. गेंददार पाँपॉन किंवा लहान फुलांच्या जाती निवडाव्यात, आणि सकाळचं ऊन मिळून दुपारी घराची सावली पडेल अशी जागा द्यावी. झेंडूही मेक्सिकोचाच, डेलियाच्याच कुळातला. त्याला परका म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज कंदाबद्दलचा आहे. डेलियाचा कंद दिसतो रताळ्यासारखा, पण लोक त्याला बटाट्याच्या हिशेबाने वागवतात: कापा, तुकडे करा, लावा. बटाटा हे जमिनीखालचं खोड, त्याच्या अंगावर सगळीकडे डोळे असतात. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. त्याच्या अंगावर एकही डोळा नसतो. डोळे असतात ते जुन्या खोडाच्या बुडाशी, जिथे कंदाची मान जोडलेली असते तिथे. ती मान मोडली किंवा खोडाचा तुकडा सुटला, तर उरलेला कंद कितीही गुबगुबीत असो, त्यातून कोंब येत नाही. जमिनीत तो महिनोन्महिने ताजा राहतो, मुळंही सोडतो, आणि आपण पाणी घालत बसतो. म्हणून घड वेगळा करताना धारदार सुरी घ्यावी, प्रत्येक कंदासोबत खोडाची एक चकती आणि निदान एक डोळा जाईल असं बघावं, कापलेल्या जागी राख चोळून दोन दिवस सुकू द्यावं. डोळे ओळखता येत नसतील तर घड ओलसर वाळूत ठेवून ते फुगेपर्यंत थांबावं. याहून सोपं म्हणजे कोवळ्या कोंबांचे छाट लावणं. छाटापासून वाढलेलं झाडही त्याच हंगामात खाली कंद धरतं, कारण कंद पोसायला दिवस लहान लागतो आणि डिसेंबरात इथे दिवस साधारण अकरा तासांचाच असतो.

बियांपासूनही झाड येतं, लवकर फुलतंही. पण आईचाच रंग आणि घडण मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

"रोज पाणी, भरपूर शेणखत." जास्वंदीला चालेल. डेलियाचा कंद कोंब वर येईपर्यंत जवळजवळ कोरडाच हवा, नाहीतर तो आतून सडतो. जांभ्याची तांबडी माती निचऱ्याला चांगली, पण आम्लधर्मी, आणि तिच्यातलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं. त्यात नुसतं शेणखत ओतलं तर पानं हत्तीच्या कानासारखी होतात, फुलं मोजकी आणि कंद पाणचट. वीतभर उंच वाफा, जुनं कुजलेलं खत, थोडं हाडांचं खत आणि चुलीतली मूठभर राख एवढं पुरतं. राख पोटॅश देते आणि आम्लताही थोडी उतरवते.

माती बदलली की डेलियाचा रंग बदलतो, असंही सांगतात. तसं वागणारं झाड हायड्रेंजियाचं. आणि निळा डेलिया कुठल्याच मातीत येत नाही. जाहिरातीतलं चित्र रंगवलेलं समजावं.

शेंडा खुडायला बायामाणसांचा जीव होत नाही, ते मी समजू शकतो. पण पानांच्या तीन-चार जोड्या झाल्यावर शेंडा खुडला नाही तर एकच सोट वाढतो आणि वाऱ्याने आडवा होतो. खुडला की फांद्या फुटतात. फूल मोठं हवं असेल तर मधली कळी ठेवून बाजूच्या दोन काढाव्यात. आधाराची काठी लावणीच्याच वेळी रोवावी. नंतर ठोकली तर ती नेमकी कंदात घुसते. बांबूची काठी घेतली तर वाळवीवर लक्ष ठेवायला हवं.

एप्रिलात पानं पिवळी पडली म्हणजे झाड मेलं, असं समजून कुंडी उकिरड्यावर रिकामी करू नये. ते झोपायला निघालंय. पाणी कमी करत बंद करावं, खोड वीतभर ठेवून कापावं आणि मे संपायच्या आत घड उकरून माती झटकून सावलीत सुकवावा. कोरड्या वाळूत किंवा नारळाच्या सोडणाच्या भुशात, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते. उघड्यावर ठेवला तर सुकून चामड्यासारखा होतो. कुंडीतला असेल तर कुंडी पडवीत आडवी करून ठेवली तरी भागतं. पावसाळ्यात महिन्याने एकदा घड चाचपावा, मऊ पडलेला कंद काढून टाकावा. वरून जाळी मात्र हवीच: मेक्सिकोत पूर्वी माणसं हे कंद खात, आणि आपल्याकडच्या उंदीर-घुशींना ते सांगावं लागत नाही.