डोंगरवाटेवरची सायकल

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, मरीन नावाचा परगणा आहे. तेथील फेअरफॅक्स गावाजवळच्या एका डोंगरउतारावर १९७६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात काही तरुणांनी एक अजब शर्यत भरविली. वाट कच्ची, दगडगोट्यांची आणि वळणावळणाची. लांबी तीन किलोमीटरांहून थोडी अधिक आणि उतार सुमारे चारशे मीटरांचा. सायकली म्हणाल तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरांच्या, जवळजवळ भंगारात निघालेल्या. पेडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेक लागे. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या फेरीपूर्वी तुंबा उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ या त्यांच्यातील एका कारागिराने खास डोंगरासाठी नवी चौकट तयार केली. डोंगरी सायकलीचा जन्म हा असा झाला.

या सायकलींना स्प्रिंग नव्हती. टायरातील हवा काय धक्का सोशील तेवढाच. बाकीचा स्वाराच्या मनगटांनी आणि गुडघ्यांनी सोसायचा. हे नुसते अंगदुखीचे प्रकरण नव्हे. चाक दगडावर आदळले की ते वर चढते, आणि त्याच्याबरोबर सायकल व स्वार या दोघांचेही वजन वर उचलले जाते. ही उचल येते कोठून? पुढे धावण्याच्या वेगातूनच. म्हणजे प्रत्येक दगड स्वाराच्या वेगावर थोडी थोडी पट्टी बसवितो, आणि शर्यतीच्या वाटेवर असे दगड हजारो असतात.

चाक आणि चौकट यांच्यामध्ये स्प्रिंग घातली की चित्र पालटते. टांग्याला कमानी असत आणि बैलगाडीला नसत. दोहोंतून एकाच खडबडीत रस्त्याने गेलेल्या माणसाला हा फरक निराळा सांगावा लागत नसे. दगड आला की केवळ चाक वर जाते, स्प्रिंग दबते, आणि स्वार जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातो. मात्र एकटी स्प्रिंग कामाची नाही. दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उसळते, आणि मग सायकल झोपाळ्यासारखी हलत राहते. म्हणून तिच्या जोडीला तेलाची नळी असते. नळीतील दट्ट्या हलला की तेलाला चिंचोळ्या छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या घर्षणात उसळीचा जोर उष्णतेत विरून जातो. लांब उतारानंतर ही नळी हाताला चांगली कोमट लागते.

पुढच्या चाकाला अशी योजना आधी आली. १९९० साली कोलोराडो राज्यातील ड्युरँगो येथे डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, त्या सुमारास ती बाजारात आलीही होती. मागच्या चाकाचा प्रश्न मात्र अवघड होता. मागच्या चाकाला साखळी जोडलेली असते. स्वार जोराने पेडल मारू लागला की त्याचे शरीर खालीवर होते आणि मागची स्प्रिंगही त्या तालावर दबू लागते. पायांचा जोर चाकाला मिळण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात खर्च होतो. शिवाय सांधे वाढले, वजन किलोभराने वाढले, आणि त्या सांध्यांत चिखल शिरू लागला. म्हणून चढउतारांच्या लांब शर्यतीत ‘मागची स्प्रिंग नकोच’ असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे काही वावगे नव्हते; गुळगुळीत चढावर आजही ते खरे ठरते.

हा वाद २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये उभ्या जगाने पाहिला. चेक देशाचा यारोस्लाव्ह कुल्हावी दोन्ही चाकांना स्प्रिंग असलेल्या सायकलीवर होता. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर केवळ पुढे स्प्रिंग असलेल्या हलक्या सायकलीवर. सुमारे दीड तासाच्या शर्यतीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात कुल्हावीने त्याला गाठले आणि एका सेकंदाने सुवर्णपदक जिंकले. यावरून निकाल लागला असे मात्र समजू नये. दोघांच्या चाकांचे आकारही वेगळे होते, कुल्हावीची चाके मोठी होती. आणि एका सेकंदाचे श्रेय सायकलीला द्यावयाचे की माणसाला, हे कोण सांगणार? तथापि चार वर्षांनी रिओ येथे शुर्टरही दोन्हीकडे स्प्रिंग असलेल्या सायकलीवर आला, आणि या वेळी सुवर्ण त्याचे व रौप्य कुल्हावीचे झाले. तोपर्यंत चौकटी हलक्या झाल्या होत्या, आणि चढ आला की हँडलावरील कळ दाबून स्प्रिंग आवळून टाकण्याची सोयही रूढ झाली होती.

तेव्हा अशी सायकल निवडताना पहिला प्रश्न वाटेचा. केवळ उताराच्या शर्यतीत चाक सुमारे दोनशे मिलिमीटर वर जाऊ शकेल अशी सायकल लागते. तीच चढावर नेली तर ओझे होते. चढउतारांच्या शर्यतीस शंभर ते एकशेवीस मिलिमीटर पुरतात. स्प्रिंग जितकी अधिक दबेल तितकी सायकल चांगली, हा नवख्यांचा आवडता गैरसमज आहे. चौकटीचे माप स्वाराच्या उंचीला न जुळल्यास उत्तमातील उत्तम स्प्रिंगही व्यर्थ जाते.

दुसरा प्रश्न स्वाराच्या वजनाचा. शर्यतीच्या सायकलीत बहुधा पोलादी स्प्रिंग नसून कोंडलेली हवा असते, आणि ती लहानशा पंपाने कमी-अधिक करता येते. चाळीस किलोच्या मुलाला सत्तर किलोच्या माणसाची हवा चालत नाही. मुलाखाली तीच सायकल दगडासारखी कठीण होते.

योग्य हवा ओळखण्याची युक्ती साधी आहे. नळीच्या दांड्यावर रबराची एक बारीक कडी असते. स्वाराने बूट, शिरस्त्राण, पाण्याची बाटली अशा सर्व सरंजामासह सायकलीवर बसावे, कडी नळीला टेकवावी आणि हिसका न देता उतरावे. दांडा जेवढा आत जाऊ शकतो त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी कडी सरकलेली असावी. एवढे दबणे मुद्दाम ठेवतात. कारण वाटेत जसे दगड असतात तसे खड्डेही असतात, आणि खड्ड्यात चाकाला खाली जाण्यास जागा हवी. मग शर्यतीच्या वाटेवर एक फेरी मारून कडी पुन्हा पाहावी. ती अर्ध्यावरच राहिली असेल तर हवा जास्त झाली. दर धक्क्याला शेवटापर्यंत जाऊन खाडकन आपटत असेल तर हवा कमी पडली. थोडी हवा सोडावी किंवा भरावी, आणि पुन्हा एक फेरी मारावी.