मेसेज सरकारचा, का साहेबांचा?

२०२५ ची दिवाळी तोंडावर आली होती. पारनेर तालुक्यातल्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक होती. मी पोचले तर हप्त्याची वही अजून उघडलीच नव्हती. सगळ्याजणी एका मोबाईलभोवती गोळा झालेल्या. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला होता. वर एका पुढाऱ्याचा हसरा फोटो, कोपऱ्यात सरकारी बोधचिन्ह आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'लाडक्या बहिणींनो, आजच केवायसी करा, नाहीतर हप्ता कायमचा बंद!' त्याखाली एक लिंक. मेसेज टाकला होता गावच्याच अंगणवाडीताईंनी.

साठीला टेकलेल्या एक काकू त्या मेसेजपायी कांदा लागवडीचे दोन रोज बुडवून तालुक्याला जाऊन आल्या होत्या. पहिल्या खेपेला केंद्रावर सांगितलं, 'साइट चालत नाही.' दुसऱ्या खेपेला म्हणाले, 'नवऱ्याचं आधार आणा.' काकूंचे यजमान जाऊन बारा वर्षं झालेली. मला पाहताच त्यांनी विचारलं, "ओ ताई, तुम्ही शिकलेल्या. एवढं सांगा, हा मेसेज सरकारचा हाये का साहेबांचा?"

मी बी.ए. झालेली, वीस वर्षं गावोगाव हिंडणारी. पण खरं सांगते, मला चटकन उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन शोधाशोध केली. शासनाचा आदेश १८ सप्टेंबर २०२५ चा होता आणि त्यात ई-केवायसीसाठी दोन महिन्यांची मुदत होती. म्हणजे 'आजच' हे खरं नव्हतं. पुढं ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि पती किंवा वडील हयात नसलेल्या बहिणींना मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे जमा करायची सोयही झाली. मेसेजमधली लिंकसुद्धा सरकारी संकेतस्थळाची नव्हती. बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा, असं खुद्द महिला व बालविकास खात्यानंच सांगितलं होतं. ती लिंक कुणी चिकटवली, फोटोतल्या साहेबांना त्याची कल्पना तरी होती का, देव जाणे.

पुढच्या बैठकीला मी अंगणवाडीताईंना बाजूला घेऊन विचारलं, "अहो, न वाचताच पुढं पाठवलात का?"

त्यांचे डोळे भरून आले. "ताई, मला वरून आला, मी टाकला. नाही टाकला तर म्हणतात, ही त्यांच्या विरोधातली. टाकला तर दुसरे म्हणतात, ही यांचीच. मी कुणाची सांगा बरं? मी मानधनावरची बाई!"

मला हे फार लागलं. ताई मानधनावरच्या असल्या, तरी गावाला त्याच सरकार. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे अर्ज त्यांनीच रात्र-रात्र जागून भरले. त्यांच्या शब्दावर बायका विश्वास ठेवतात, आणि म्हणूनच त्यांच्या मोबाईलवरून आलेला मेसेज कुणी तपासत नाही. पुढाऱ्याला नेमका हाच विश्वास आयता मिळतो.

याला नियम नाहीत असं नाही. सरकारी कर्मचाऱ्यानं राजकीय पक्षाशी संबंध ठेवू नये, हे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांत १९७९ पासून आहे. २८ जुलै २०२५ ला राज्य सरकारनं समाजमाध्यमांसाठी वेगळा शासन निर्णयही काढला. स्वतःचं खातं आणि कार्यालयाचं खातं वेगळं ठेवा, योजनांची प्रसिद्धी अधिकृत व्यक्तीनंच परवानगी घेऊन करावी, सरकारच्या धोरणावर टीका करू नका, आत्मस्तुती नको, असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण टीका करणाऱ्यावर कारवाई होते हे कर्मचाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. 'साहेबांच्या कौतुकाचा मेसेज मी पुढं पाठवणार नाही,' असं म्हणणाऱ्या ताईच्या पाठीशी कोण उभं राहणार? निष्पक्ष राहायचं तर दोन्ही बाजूंनी राहायला हवं ना!

सर्वोच्च न्यायालयानंही यात लक्ष घातलंय. सरकारी जाहिरात वस्तुनिष्ठ असावी, सत्ताधारी पक्षाच्या प्रचारासाठी नसावी, असं २०१५ मध्ये न्यायालयानं बजावलं. फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचे चालतील, असंही सांगितलं. २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल आणि खात्याच्या मंत्र्यांना सूट मिळाली. पण पेपरातल्या जाहिरातीखाली खात्याचं नाव तरी असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर हातोहात फिरणाऱ्या मेसेजला आई ना बाप.

आणि एकदा सुटलेला मेसेज परत बोलावता येत नाही. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागल्यावरही 'विकसित भारत'चे सरकारी मेसेज लोकांच्या फोनवर येत राहिले. निवडणूक आयोगानं ते थांबवायला सांगितलं. मेसेज आधीच पाठवले होते, काही उशिरा पोचले, असा खुलासा केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्यानं केला. दिल्लीच्या खात्याची ही गत, तर गावातल्या ताईंना काय बोलायचं!

मैत्रिणींनो, आपला जिल्हा राळेगणसिद्धीचा. माहितीचा अधिकार मागायला अण्णा हजारे २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा इथल्या कितीतरी बायका घरचं काम टाकून निघाल्या होत्या. २००५ मध्ये देशाचा कायदा आला. योजना कुणासाठी, पैसा किती, लाभ कसा मिळेल हे न विचारताही सरकारनं जाहीर करावं, असं त्याच्या चौथ्या कलमात आहे. म्हणजे योजनेची माहिती ही कुणा साहेबांची ओवाळणी नाही, आपला हक्क आहे. ती पोचवायचा खर्चही आपल्याच करातून होतो.

आता आमच्या गटानं एक नेम केलाय. मेसेज आला की तीन गोष्टी बघायच्या. शासन निर्णयाची तारीख आणि संकेतांक दिलाय का? लिंक सरकारी संकेतस्थळाची, म्हणजे शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असलेली आहे का? फोटोपेक्षा माहिती जास्त आहे का? नसेल तर पुढं पाठवायचा नाही. तरी शंका राहिली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि अंगणवाडीताई? त्यांनी दाराबाहेर एक जुना फळा टांगला. त्यावर खडूनं शेवटची तारीख, संकेतस्थळ, लागणारे कागद आणि आदेशाचा क्रमांक लिहिला. दोन्ही गटांची माणसं येऊन वाचून गेली, कुणालाच बोट ठेवायला जागा नव्हती.

डिसेंबरात काकूंनी कागद जमा केले. बुडालेले दोन रोज मात्र त्यांना कुणी भरून दिले नाहीत. फळ्यासमोर उभ्या राहून नातवाकडून त्यांनी सगळं वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यो मातर सरकारचा बरं का. ह्याच्यावर कुणाचा फोटू न्हाई."