दाद कुठवर पोचते

१९७३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध सलीम दुराणी खेळायला उतरला. त्याआधीच्या कानपूर कसोटीतून त्याला वगळलं होतं आणि ‘नो दुराणी, नो टेस्ट’ असे फलक लोकांनी झळकवले होते. निवड समितीने ते किती मनावर घेतले यावर वाद घालता येईल. पण दुराणी परतला, पहिल्या डावात त्याने ७३ धावा केल्या आणि ती त्याची शेवटची कसोटी ठरली. त्याच वर्षी बी. आर. इशारा यांच्या ‘चरित्र’मध्ये तो नायक म्हणून पडद्यावर आला. समोर परवीन बाबी, तिचाही पहिलाच चित्रपट. प्रेक्षक मागतील त्या दिशेला षटकार मारणारा देखणा गडी म्हणून त्याची ख्याती होती. तरी चित्रपट पडला. माणूस तोच, चाहते तेच, वर्षही तेच. मैदानावर ज्यांचा आवाज निवड समितीपर्यंत गेला, त्यांना थिएटरात आपल्या लाडक्यासाठी काहीही करता आलं नाही.

क्रिकेट, मैफल आणि चित्रपट या तिन्हींवर आपण एकाच ऐटीत बोलतो. तो फटका मारायची गरज नव्हती, अमक्यांचा यमन हल्ली पूर्वीसारखा रंगत नाही, तमक्याचा चित्रपट मध्यंतरानंतर ढेपाळतो. ही मतं सैल असतात, बऱ्याचदा दुसऱ्याकडून उचललेली असतात, आणि त्यात वाईट काही नाही. प्रश्न त्यांच्या पोचेचा आहे. मैफलीत श्रोत्याचं मत चालू गाण्याच्या आत शिरतं आणि गाणं बदलतं. क्रिकेटमध्ये ते सीमारेषेपर्यंत जातं, क्वचित तिच्या पलीकडे, पण धावफलकाला हात लावू शकत नाही. चित्रपटात ते उगवतं तेव्हा सगळं उरकलेलं असतं. तरीही आज आपण तिन्हींना चित्रपटाच्याच मापाने मोजतो: आधी बघायचं, मग तारे द्यायचे. गफलत आहे ती इथे.

गाण्यापासून सुरुवात करू, कारण पुरावा तिथे सर्वांत दाट आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन कंपन्यांचे चाहते एका छताखाली, आणि खाडिलकरांच्या नाटकाचं कथानक सर्वांना पाठ. मानापमान रंगभूमीवर येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. पुढे काय होणार हे कळण्यासाठी त्या रात्री कुणी आलं नव्हतं. पदागणिक येणारी दाद आणि ‘वन्स मोअर’ हाच त्या प्रयोगाचा खरा मजकूर होता, आणि तो प्रेक्षागृहातून लिहिला जात होता. त्या रात्री केशवरावांनी बाजी मारली, असं अनेकांनी पुढे सांगितलं; गंधर्वभक्तांना ते पटलं नाही. ऑक्टोबरात केशवराव गेले आणि वाद कायमचा उघडा राहिला. त्याच ‘वन्स मोअर’ने संगीत नाटकाचं नुकसान केलं, प्रयोग पहाटेपर्यंत लांबवले, नाट्य गाण्याखाली दडपलं, हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. पण त्यातून माझ्या म्हणण्याला बळच मिळतं. ज्या मताने एखादी गोष्ट बिघडवता येते, ते मत तिच्या आत पोचलेलं असतं.

ही पोच भाषेची हद्दही मानत नाही. मिरजेचे अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबारात वारंवार गात. जाता-येता धारवाडला मुक्काम असे आणि तिथेच कुंदगोळच्या रामभाऊंना, म्हणजे पुढच्या सवाई गंधर्वांना, तालीम मिळाली. खाँसाहेबांच्या गाण्यातल्या सरगमेचं श्रेय जाणकार कर्नाटक संगीताच्या सहवासाला देतात. दक्षिणेतला श्रोता हाताने उघडपणे ताल धरतो, हिशेब ठेवतो; आपल्याकडचा ‘वाहवा’ करून मोकळा होतो. अशा हिशेबी कानांसमोर वर्षानुवर्षं गाणाऱ्या माणसाने काही उचललं नसेल, हे मला तरी संभवनीय वाटत नाही. पुढे सवाई गंधर्वांच्या स्मृतीत १९५३ साली पुण्यात महोत्सव सुरू झाला, आणि गदगच्या भीमसेन जोशींना त्यांची सगळ्यांत मोठी मराठी सभा तिथे मिळाली. शेवटी अभंग हवाच, हा आग्रह श्रोत्यांचा. ख्यालाच्या कट्टर भक्तांनी त्यावर नाकं मुरडली. मुरडोत, पण कानडी मुलखातला एक गायक घरोघरी विठ्ठलाचा आवाज होऊन बसला, त्यात त्या आग्रहाचा वाटा आहेच.

क्रिकेटकडे वळताना म्हैसूरलाच थांबता येतं. जानेवारी २०१० मध्ये तिथल्या गंगोत्री ग्लेड्स मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, कर्नाटक विरुद्ध मुंबई. मुंबई २३३, कर्नाटक १३०, मुंबई २३४. म्हणजे कर्नाटकला ३३८ हवे होते. मनीष पांडेने १४४ केले, गणेश सतीशने त्याला साथ दिली, आणि मैदानाभोवतीच्या गर्दीला आता करंडक आपलाच असं वाटू लागलं. अजित आगरकरने पाच बळी घेतले, कर्नाटक ३३१ वर संपलं. मुंबई सहा धावांनी जिंकली, ३९ व्यांदा. खच्चून भरलेल्या मैदानाची इच्छा एका बाजूला असूनही सहा धावा कुणाला उसन्या देता आल्या नाहीत. क्रिकेटच्या चाहत्याची मर्यादा याहून स्वच्छ दिसणं कठीण. तो गोलंदाजावर दडपण आणू शकतो, फलंदाजाला चेव आणू शकतो, दुराणीला परत आणू शकतो. मधला चेंडू मात्र त्याचा नाही.

म्हणूनच क्रिकेटच्या चाहत्याला अन्याय करणं परवडतं. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर, त्याच्याच गावात, सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद होऊन परतताना काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच मैदानावर, त्याच्या २०० व्या कसोटीत, तो ७४ करून बाद झाला तेव्हा लोक रडत होते. समीक्षकाने सात वर्षांत अशी कोलांटी मारली असती तर आपण त्याला घरी बसवलं असतं. चाहत्याचं मत म्हणूनच विश्वासार्ह नाही, हा आक्षेप इथे सर्वांत जोरकस होतो. माझं उत्तर एवढंच, की २००६ ची हुर्यो हा तेंडुलकरच्या कारकिर्दीवरचा निकाल नव्हताच. ती त्या दुपारची तगमग होती. निकालाचं काम आकडे करतात. प्रेक्षकाकडे आकड्यांत न मावणारं काम असतं: तो क्षण किती जड होता हे सांगण्याचं. आयपीएलने नेमकं तेच काढून घेतलं आहे. टाळ्या कधी वाजवायच्या हे आता मैदानावरचा डीजे सांगतो, आणि लोक वाजवतात.

चित्रपटाची गोष्ट म्हैसूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवरच्या एच. डी. कोटे तालुक्यात नेते. कबिनीकाठचं कारापूर हे साबू दस्तगीरचं गाव. माहुताचा हा पोरका मुलगा दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टीच्या चमूला सापडला आणि १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’चा नायक झाला. याच पट्ट्यातल्या काकनकोट्याच्या जंगलात हत्ती पकडण्याचा खेड्डा होत असे. फ्लाहर्टीने इथे भरपूर चित्रण केलं; पण लंडनच्या निर्मात्यांना त्यातून कथा निघेना, म्हणून झोल्टान कोर्डाने डेनहॅम स्टुडिओत नवे प्रसंग उभे केले आणि दोन्ही जोडून टाकले. हत्तीविषयी ज्यांचं मत जगात सर्वांत मोलाचं होतं, त्या माहुतांना या जोडकामात कुणी विचारल्याची खूण चित्रपटात तरी दिसत नाही. तरी काळाने निवाडा केला. आज तो चित्रपट कुणी आठवलाच तर मुलगा आणि त्याचा हत्ती यांच्यासाठी आठवतो. स्टुडिओतल्या गोऱ्या शिकाऱ्याचे संवाद कुणाच्याही ओठावर नाहीत. उशिरा आलेल्या, विखुरलेल्या, बिनहिशेबी मतांनी दोन दिग्दर्शकांचं काम वेगळं करून दाखवलं. चित्रपटाला मात्र या उशिराच्या प्रेमाचा काहीच उपयोग झाला नाही. तो १९३७ लाच पुरा झाला होता.

योगायोग असा, की त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात ‘एलिफंट बॉय’ला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं आणि प्रभातच्या ‘संत तुकाराम’चाही तिथे गौरव झाला. तुकाराम मुंबईत वर्षाहून जास्त काळ चालला. पडद्यासमोर लोक हात जोडत, पायताणं काढून बसत, असं वर्णन केलं जातं. म्हणजे त्यांनी चित्रपटाचंच कीर्तन केलं, आणि कीर्तनात श्रोता आत असतो. मग चित्रपटाचा प्रेक्षक बाहेरच असतो हे म्हणणं कसं टिकावं? टिकतं, कारण कितीही गर्दी लोटली तरी तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांनी एकही अभंग जास्त गायला नाही, त्यांना गाताच आला नसता. बदल झाला तो प्रेक्षागृहात. अलीकडचं उदाहरण ‘तुंबाड’चं: २०१८ मध्ये बेताचा चाललेला राही बर्वेंचा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. चाहत्यांनी त्याचं नशीब बदललं, पुढच्या भागाची वाट मोकळी केली. पण चित्रपटाची चौकट एकही हलली नाही.

आता सगळंच पडद्यावर येतं, मैफलही थेट प्रक्षेपित होते, तेव्हा हा भेद शिळा झाला, असं कुणी म्हणेल. घरबसल्या भीमसेन ऐकणाऱ्याला मी कमी लेखत नाही. कित्येकांना तेवढाच मार्ग आहे. पण एका गोष्टीकडे पाहा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालचा नियम लागू झाल्यावर महोत्सवांच्या रात्रभराच्या बैठका गेल्या. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, तेवढंच. उत्तररात्रीचे राग रेकॉर्डमध्ये हवे तेव्हा मिळतात, सकाळी दहालाही लावता येतात, आणि लोक लावतातही. मिळत नाही तो पहाटे तीनला जागा राहिलेला, थकलेला, चोखंदळ झालेला श्रोता. त्याच्यासमोर गायक जे धाडस करी ते रात्री पावणेदहाला, पुढच्या कलाकाराची वेळ सांभाळत, करत नाही. सूर तेच, तालीमही तीच. समोरचं मत मात्र अजून पिकलेलं नसतं. मैफलीत फोन उंच धरून बसलेल्यांबद्दल माझी तक्रारही याच पोटातली आहे, शिष्टाचाराची नाही. त्यांचे दोन्ही हात अडकलेले असतात, आणि गायकाला समेवर समोरून काहीच मिळत नाही.