घरात तीन कॅमेरे, पण घड्याळ एकच हवं

बऱ्याच घरांत आज एकाहून जास्त डिजिटल कॅमेरे असतात. प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. मूल झालं तेव्हा हौसेने घेतलेला डीएसएलआर कपाटात असतो आणि त्याच्याही आधी सहलीसाठी घेतलेला छोटा कॉम्पॅक्ट कुठल्यातरी खणात पडलेला असतो. 2010 साली जगभरात 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. 2023 मध्ये हा आकडा 80 लाखांच्याही खाली आला. मधल्या काळात फोनने कॅमेऱ्याची जागा घेतली, तरी घेतलेले कॅमेरे घरातच राहिले आणि त्यातले कितीतरी अजून चालू स्थितीत आहेत. घरच्या कार्यात ते एकत्र वापरले तर एकट्या फोनला न जमणाऱ्या गोष्टी जमतात. त्यासाठी लागते ती थोडी पूर्वतयारी.

## दुसरा कॅमेरा कशासाठी

लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण घ्या. वधूवर समोरासमोर उभे असतात. एका बाजूने फोटो काढला तर नवरीचा चेहरा मिळतो आणि नवऱ्याची पाठ. दुसरीकडून नेमकं उलट. मधोमध, बाजूला उभं राहिलं तर दोघांचे गाल दिसतात, नजर दिसत नाही. अक्षता पडून हार घातले जाईपर्यंत जेमतेम काही सेकंद मिळतात, तेवढ्यात एका माणसाने दोन्हीकडे धावणं शक्य नसतं. दोन बाजूंना दोन कॅमेरे असतील तरच दोन्ही चेहरे मिळतात.

मुंजीत अडचण वेगळी. घरात फोटो काढणारा माणूस पुष्कळदा मुलाचा बाप असतो आणि त्या दिवशी तोच पाटावर बसलेला असतो. मातृभोजनाला आई ताटापाशी. एरवीसुद्धा घरच्या अल्बममध्ये एक माणूस वर्षानुवर्षं दिसतच नाही, आणि तो म्हणजे फोटो काढणारा. दुसऱ्या कॅमेऱ्याचं सर्वांत मोठं मोल मला इथे वाटतं. तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावा. मामाला द्या, आत्याला द्या, दहा-बारा वर्षांच्या भाचीला तर जरूर द्या. ती आजीच्या मांडीशी बसून फोटो काढते. तिच्या उंचीवरून मोदक वळणारे हात आणि आजीच्या चष्म्याआडचं हसू जसं दिसतं तसं उभ्या मोठ्या माणसाला दिसत नाही. चौकट तिरकी आली तर येऊ द्या.

## कोणाला कुठलं काम द्यावं

कॅमेऱ्यांची कामं वाटताना मेगापिक्सेल बघू नका, सेन्सरचा आकार बघा. सर्वसाधारण हौशी डीएसएलआरचा सेन्सर सुमारे 23.5 गुणिले 15.6 मिलिमीटरचा असतो, तर जुन्या खिशातल्या कॉम्पॅक्टचा साधारण 6.2 गुणिले 4.6 चा. क्षेत्रफळात हा फरक तेरापट भरतो. तितकाच प्रकाश जास्त गोळा होतो, म्हणून संध्याकाळच्या आरतीला किंवा मंगल कार्यालयाच्या अर्धवट उजेडात मोठा कॅमेराच पुढे हवा.

त्यावर लेन्स मात्र योग्य हवी. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली 18-55 ची झूम लेन्स पुढच्या टोकाला एफ 5.6 वरच थांबते. 50 मिलिमीटरची एफ 1.8 ची साधी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. तिसरा कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर ते पैसे आधी या लेन्सवर घालवा असं माझं स्पष्ट मत आहे. ही लेन्स बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते.

फोनला गर्दीतले, जेवणाच्या पंगतीतले, पटकन काढायचे फोटो द्यावेत. आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर जुन्या कॉम्पॅक्टपेक्षा मोठा असतो, शिवाय तो एकामागोमाग अनेक फोटो टिपून त्यांतून एक चांगला बनवतो. कॉम्पॅक्टची बाजू वरचढ होते ती लांबच्या झूममध्ये, भर उजेडात. शाळेच्या मैदानावरची धावण्याची शर्यत गॅलरीतून टिपायची असेल तर दहापट ऑप्टिकल झूमचा जुना कॉम्पॅक्ट अजून उपयोगी पडतो.

विसर्जनाच्या पावसात किंवा तारकर्लीच्या समुद्रात न्यायला वेगळ्या जातीचे कॅमेरे मिळतात. ऑलिंपसचा टीजी-6 पाण्याखाली 15 मीटरपर्यंत चालतो. अशी हौस वरचेवर होत असेल तरच असा कॅमेरा घ्यावा.

दुसरा मोठा कॅमेरा घेणार असाल तर पहिल्याच कंपनीचा, त्याच माउंटचा घ्या. लेन्स दोन्हींना चालतात आणि पुष्कळदा बॅटरीही. निकॉनच्या डी3100 पासून डी5600 पर्यंतच्या कितीतरी मॉडेलांना ईएन-ईएल14 हीच बॅटरी लागते. कार्याच्या दिवशी दोन चार्जर शोधण्यापेक्षा एक सापडणं सोपं.

## आधी घड्याळं जुळवा

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती इथे. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो कधी काढला ती वेळ नोंदलेली असते. या नोंदीला एक्झिफ म्हणतात. तीन कॅमेऱ्यांचे फोटो संगणकावर एकत्र टाकले की ते या वेळेवरून क्रमाने लागतात. फोनची वेळ नेटवर्कवरून आपोआप बरोबर राहते. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र महिन्याला काही सेकंद पुढेमागे होतं, आणि बॅटरी काढून वर्षभर ठेवलेला कॅमेरा तर पुष्कळदा कारखान्यातल्या तारखेवर परत जातो. अशा कॅमेऱ्यातले यंदाच्या गणपतीचे फोटो पंधरा वर्षांपूर्वीच्या 1 जानेवारीला जाऊन बसतात.

परदेशातून आलेल्या नातेवाइकांचा कॅमेरा हा याचाच पुढचा प्रकार. न्यू जर्सीहून काका मे महिन्यात मुंजीला आले आणि कॅमेऱ्याची वेळ तिथलीच राहिली, तर फरक पडतो साडेनऊ तासांचा. सकाळी दहाला लागलेली मुंज त्यांच्या फोटोंत रात्री साडेबाराची होते आणि घाणा भरण्याच्याही आधी जाऊन बसते.

उपाय सोपा आहे. आदल्या संध्याकाळी सगळे कॅमेरे एका टेबलावर मांडा आणि एकाच फोनवरची वेळ बघून लावा. त्यानंतर प्रत्येक कॅमेऱ्याने त्या फोनच्या घड्याळाचा, सेकंदासकट, एक फोटो काढून ठेवा. पुढे घोळ झालाच तर त्या फोटोत दिसणारी वेळ आणि फाइलमधली वेळ यांतली वजाबाकी हाती असते. एक्झिफटूल किंवा डिजीकॅम या मोफत प्रोग्रामांत तेवढा फरक एकदम शेकडो फोटोंना लावता येतो.

नावांचाही घोटाळा होतो. 1998 साली जपानमध्ये ठरलेल्या नियमानुसार कॅमेरे फाइलला चार अक्षरं आणि चार आकडे असं नाव देतात. 9999 नंतर पुन्हा 0001. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांत ‘आयएमजी_0457’ नावाचे दोन अगदी वेगळे फोटो असू शकतात आणि एकाच फोल्डरमध्ये कॉपी करताना एक दुसऱ्याला पुसू शकतो. म्हणून आधी प्रत्येक कार्डासाठी वेगळा फोल्डर करावा. मग नावं बदलताना वर्ष, महिना, दिवस, वेळ असा क्रम ठेवावा आणि शेवटी कॅमेऱ्याची खूण जोडावी.

## रंग आणि पट्टे

एकाच खोलीत फोन चेहरा गुलाबी दाखवतो, मोठा कॅमेरा पिवळा. प्रत्येक कॅमेरा पांढरा रंग आपापल्या हिशेबाने ठरवतो. मोठ्या कॅमेऱ्यांत तो ‘ऑटो’वर न ठेवता त्या दिव्यांना साजेसा एकच पर्याय निवडावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल घेतली असेल तर रंग नंतर बिनधोक बदलता येतो.

भारतातली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि पुष्कळ स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने वेगात फोटो काढले तर त्यांवर आडवे पट्टे उमटतात. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की ते जातात. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची. तिकडून आणलेल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ तिकडच्या एनटीएससी पद्धतीवर लावलेला असेल तर मेनूमध्ये जाऊन इकडची पाल पद्धत निवडावी.

## सगळं एका जागी

कार्य संपल्यावर पाहुणे पांगायच्या आत कार्डं कॉपी करून घ्या. नंतर पाठवतो म्हणणारे मनापासून म्हणतात, पण ते फोटो क्वचितच येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली वेळेची नोंदही निघून जाते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते.

जपणुकीसाठी अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 चा नियम पाळावा. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवा, नाहीतर हार्ड डिस्क दुसऱ्या गावच्या भावाकडे द्या. निदान दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

## खणातला जुना कॅमेरा

पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्यात, चामड्याच्या बंद केसमध्ये ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते. केस काढून टाका आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात कॅमेरा ठेवा. बॅटरी बाहेर काढून, निम्मी भरलेली ठेवावी.

हाच कॅमेरा भाचीला द्यायचा असेल तर कार्ड बघून घ्या. 2006 च्या आधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना 2 जीबीहून मोठं एसडी कार्ड वाचताच येत नाही. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या त्या काळातल्या पुष्कळ मॉडेलांत तर एक्सडी कार्ड असे, आणि ते वाचणारे रीडर आता दुकानांत सहज मिळत नाहीत. कॅमेरा सुरू होत असेल तर त्याचीच यूएसबी वायर शोधून आत राहिलेले फोटो आधी उतरवून घ्या आणि मगच नवे काढायला द्या.