कोयत्याला धार, हाताला जपणूक

सरपण तोडणं, कुंपणाची काटी छाटणं, मांडवाच्या मेढीला टोक काढणं, अशी कितीतरी कामं आपण एका कोयत्यावर निभावतो. पण तो कसा वापरावा, हे कुणी बसवून शिकवलं नाही. आपण बघून बघून शिकलो. म्हणून आज कोयत्याविषयी बोलू.

आधी धार. बोथट कोयता कमी लागतो, असं पुष्कळजणींना वाटतं. खरं तर उलटं आहे. बोथट पातं लाकडात रुतत नाही, घसरतं. मग आपण जोर वाढवतो आणि तोच जोर पायावर येतो. त्यासाठी कामाला निघण्याआधी निसण्यावर पाणी टाकून, पात्याचा मूळ उतार धरून धार लावा. मशीनच्या चाकावर पातं तापून निळं पडलं, तर त्याचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. मूठही हलवून बघा. ढिली असेल तर कोयता त्या दिवशी घरीच ठेवा.

आता तोडणं. हात आणि कोयता लांब करून भोवती फिरवा. तेवढ्या जागेत कुणी नको, लेकरं तर नकोतच. बारीक लाकूड ओंडक्यावर ठेवून तोडा. तळहातावर किंवा गुडघ्यावर धरून नाही. धरलेला हात घावापासून वीतभर लांब हवा. पातं अंगापासून दूर जाईल असा घाव घाला. फांदीवर घाव आडवा नको, तिरका घाला; कमी कष्टात तुटते. मनगटाहून जाड लाकडाला कुऱ्हाडच बरी. आणि कोयता हातातून सुटला तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या.

नेताना कोकणात कमरेच्या आकडीत कोयता अडकवतात. आपल्याकडे आकडी नसेल, तर जुन्या ट्यूबची किंवा पोत्याची खोळ शिवून घ्या. डोक्यावरच्या भाऱ्यात उघडा कोयता खोचू नका. दुसरीला देताना हातात देण्यापेक्षा खाली ठेवा, तिला उचलू द्या.

एवढं करूनही लागलंच, तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. दहा मिनिटं मधेमधे उघडून बघू नका. रक्त थांबल्यावर वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. माती, शेण, तंबाखू जखमेत भरू नका; मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट वाकत नसेल, तर आधी दवाखाना, मग बाकी सगळं.

हात बांधून बसावं लागलं की रोजगार बुडतो, चूलही अडते. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला कोयता खोळीत घालून आणावा. ढिल्या मुठीचे आणि धार गेलेले बाजूला काढू, आणि सुगीआधी सगळे एकदमच लोहाराकडून शेवटून आणू.