सेल्फ-चेकआऊट तंत्रज्ञान : श्रम आणि विश्वास यांचे स्थलांतर

सारांश

किरकोळ विक्रीच्या मोठ्या दुकानांत ग्राहकाने स्वतःच बिल करून पैसे भरण्याची सेल्फ-चेकआऊट यंत्रणा ही सामान्यतः श्रमाची बचत करणारे तंत्रज्ञान म्हणून ओळखली जाते. प्रस्तुत लेखात या यंत्रणेचा विकास व कार्यपद्धती स्पष्ट केली असून, तिच्यामुळे श्रम नाहीसे न होता स्थलांतरित होतात आणि त्यांच्याबरोबर प्रामाणिकपणा सिद्ध करण्याची जबाबदारीही ग्राहकाकडे जाते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सेल्फ-चेकआऊट, बारकोड, छायाश्रम, किरकोळ व्यापार, विश्वास.

प्रस्तावना

खरेदी-विक्रीच्या व्यवहारात वस्तू काढून देणे, किमतीचा हिशेब करणे आणि पैसे घेऊन माल ग्राहकाच्या ताब्यात देणे ही तीन कामे अंतर्भूत असतात. आपल्याकडील किराणा दुकानात आजही बहुधा ही तिन्ही कामे दुकानदारच करतो. पाश्चात्त्य देशांत मात्र गेल्या सुमारे शंभर वर्षांत ती टप्प्याटप्प्याने ग्राहकाकडे सोपवली गेली. सेल्फ-चेकआऊट हा या दीर्घ प्रक्रियेचाच पुढचा टप्पा होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

क्लेरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात 'पिगली विगली' हे दुकान सुरू केले. तेथे ग्राहकाने हाती टोपली घेऊन फडताळांतून माल स्वतः निवडायचा होता. वस्तू काढून देण्याचे काम अशा रीतीने ग्राहकाकडे आले.

दुसरा टप्पा बारकोडचा. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्ली कंपनीच्या च्युइंगमच्या पाकिटावरील बारकोड यंत्राने वाचला गेला. बारकोडमध्ये किंमत नसते, वस्तूचा केवळ ओळखक्रमांक असतो. किंमत दुकानाच्या संगणकात साठवलेली असते. परिणामी वस्तू ओळखण्याचे व भाव लक्षात ठेवण्याचे रोखपालाचे कौशल्य संगणकाकडे गेले आणि त्याचे काम वस्तू यंत्रासमोर धरण्यापुरते उरले. हे काम कोणालाही करता येण्याजोगे होते. १९८६ मध्ये अटलांटा परिसरातील क्रोगर दुकानात डेव्हिड हंबल यांच्या 'चेकरोबोट' यंत्रणेद्वारे ते ग्राहकाकडे सोपवण्यात आले.

यंत्रणेचे कार्य

प्रचलित यंत्रणेत ग्राहक वस्तूचा बारकोड स्कॅनरसमोर धरतो आणि वस्तू पिशवीच्या जागी ठेवतो. अनेक यंत्रांत या जागेखाली वजनकाटा असतो. वस्तूचे अपेक्षित वजन संगणकाला ठाऊक असल्याने प्रत्यक्ष वजनात तफावत आढळताच व्यवहार थांबतो व मदतनीसाला बोलवावे लागते. सुट्या फळभाज्यांवर बारकोड नसल्यास पडद्यावरून वस्तूचे नाव निवडावे लागते किंवा तिचा संकेतांक द्यावा लागतो. उदाहरणार्थ, केळ्यांसाठी ४०११.

याहून प्रगत असे दोन प्रकार आहेत. कपड्यांच्या काही दुकानांत प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीत रेडिओ-लहरींनी वाचता येणारी सूक्ष्म चिप असते. टोपलीतील सर्व वस्तू एकाच वेळी नोंदल्या जातात. दुसऱ्या प्रकारात कॅमेरे व संवेदकांच्या साहाय्याने ग्राहकाने काय उचलले हे ओळखले जाते. ॲमेझॉन कंपनीने २२ जानेवारी २०१८ रोजी सिॲटल येथे सर्वांसाठी खुले केलेले 'ॲमेझॉन गो' हे दुकान याच तत्त्वावर आधारलेले होते.

श्रमाचे स्थलांतर

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये तेथे ३० लाखांहून अधिक व्यक्ती रोखपाल म्हणून काम करीत होत्या. त्यामुळे या तंत्रज्ञानाचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. रोखपालाचे काम ग्राहक विनावेतन करतो, तर उरलेल्या कर्मचाऱ्याला एकाच वेळी अनेक यंत्रे सांभाळावी लागतात. वय तपासणे, वजनातील तफावत दूर करणे, गोंधळलेल्या ग्राहकाला मदत करणे आणि त्याच वेळी त्याच्यावर लक्ष ठेवणे, अशी परस्परविरोधी कामे त्याच्या वाट्याला येतात. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात औद्योगिक समाजाला आवश्यक असलेल्या, परंतु मोबदला न मिळणाऱ्या कामाला 'शॅडो वर्क', म्हणजे छायाश्रम, अशी संज्ञा दिली. ग्राहकाचे हे काम त्या संज्ञेत चपखल बसते.

विश्वासाचा प्रश्न

रोखपाल केवळ हिशेब करीत नव्हता. त्याच्या उपस्थितीमुळे व्यवहाराला साक्षीदार लाभत होता. त्याच्या नजरेतून एखादी वस्तू सुटली, तर ती दुकानाची चूक ठरे. सेल्फ-चेकआऊटमध्ये तीच वस्तू सुटल्यास संशय ग्राहकावर येतो. महागडी वस्तू काट्यावर ठेवून केळ्यांचा संकेतांक देणारा लबाड ग्राहक आणि अनवधानाने चुकीचे बटण दाबणारा वृद्ध ग्राहक, या दोघांची नोंद यंत्रात सारखीच होते. चूक आणि चोरी यांतील भेद हेतूचा असतो व हेतू वजनकाट्याला मोजता येत नाही. म्हणूनच वजनकाटा, कॅमेरा, पावती दाखवल्यावरच उघडणारे दार अशी पाळत वाढत जाते. वेतनात झालेल्या बचतीचा काही भाग या पाळतीवर आणि मालाच्या तुटीवर खर्च होतो.

अलीकडील पुनर्विचार

उत्तर इंग्लंडमधील बूथ्स या दुकानसाखळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये २८ पैकी दोन दुकाने वगळता अन्यत्र ही यंत्रे काढण्याचा निर्णय जाहीर केला. अमेरिकेत टार्गेटने मार्च २०२४ मध्ये बहुतेक दुकानांत या यंत्रांवर दहा वस्तूंची मर्यादा घातली. त्याच वर्षी डॉलर जनरलने मालाच्या तुटीच्या कारणास्तव हजारो दुकानांतून ही सोय मागे घेतली. नेदरलँड्समधील युम्बो या साखळीने तर २०१९ पासून काही दुकानांत निवांत गप्पा मारू इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी स्वतंत्र काउंटर सुरू केले. एकाकी वृद्धांना त्या दोन शब्दांचे मोल किती असते, हे त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

सेल्फ-चेकआऊट सरसकट अपयशी ठरले, असा याचा अर्थ नाही. मोजक्या वस्तू घेणाऱ्या, घाईत असलेल्या ग्राहकाला ते निश्चितच उपयुक्त ठरते. मात्र त्याचे मूल्यमापन करताना वाचलेल्या वेतनाबरोबरच ग्राहकाचे श्रम, कर्मचाऱ्यावरील ताण आणि संशयाचे ओझे यांचाही हिशेब मांडला पाहिजे. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे पैसे भरण्याचा भाग सुलभ झाला आहे; तथापि येथील अनेक मोठ्या दुकानांत रोखपालाने बिल केल्यानंतरही दाराशी सुरक्षारक्षक पावती तपासतो. अशा व्यवस्थेत रोखपाल दूर केल्यास बिलातील चुकीची जबाबदारी कोणाची, हे यंत्र बसवण्यापूर्वीच निश्चित होणे आवश्यक आहे. अन्यथा काम ग्राहकाचे, बचत दुकानाची आणि संशय मात्र पुन्हा ग्राहकावरच, अशी स्थिती उद्भवेल.